एका बशीत चार हात

बाहेर जेवायला जायचे ठरले की आपल्याकडे दोन गोष्टी आधी विचारल्या जातात. बसायला जागा मिळेल का आणि पोट भरेल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्या हॉटेलात पाऊल कोण टाकणार? स्पेनमधली माणसे मात्र रोज संध्याकाळी अशाच ठिकाणी मोठ्या हौसेने जातात. दुकान एवढेसे, गर्दी एवढी की खांद्याला खांदा लागतो, बशी तळहाताएवढी आणि तीही चौघांत वाटून घ्यायची. या बशीला तिथे ‘तापा’ म्हणतात, अनेक असल्या की ‘तापास’.

मुंबई-पुण्याच्या नव्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर हल्ली हा शब्द दिसतो. मुले हौसेने आईवडिलांना घेऊन जातात. बशी येते, तिच्यात चार तुकडे असतात आणि बाबा म्हणतात, “एवढेसेच?” मग बिल येते आणि बाबा काहीच म्हणत नाहीत. माझ्या मते बाबांचे चुकत नाही. गुबगुबीत खुर्चीवर तासभर बसवून, पुऱ्या जेवणाचे पैसे घेऊन चार तुकडे देणे याला तापास म्हणायचे असेल, तर त्यातला जीव काढून नुसते नाव ठेवण्यासारखे आहे ते.

मूळचा प्रकार अगदी साधा आहे. ‘तापा’ म्हणजे झाकण. दक्षिण स्पेनमध्ये पेयाच्या ग्लासात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाचा किंवा मांसाचा काप झाकून देत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. त्या देशात दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला. मधल्या वेळी पोटाला आधार हवा, म्हणून हे चार घास. आपला चारचा चहा-चिवडाच म्हणा ना. ग्रॅनाडा शहरात पेयाबरोबर छोटी बशी आजही फुकट मिळते. लोक एका दुकानात एकच पदार्थ खातात, गप्पा मारतात आणि पुढच्या दुकानाकडे निघतात. मोठ्यांच्या हातात वाइनचा ग्लास असतो खरा, पण आजीही बरोबर असते आणि बाबागाडीतले बाळही.

आता स्पेनवरून एकदम जयपूरला यायचे, कारण मी राहते जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये. राज्यपालांचे निवासस्थान आणि मुख्यमंत्र्यांचा बंगला याच भागात. रस्ते रुंद, झाडी दाट, आवाज कमी. राहायला उत्तम, पण खाण्याची खरी मजा इथे नाही. महाराष्ट्रातून पाहुणे आले की पहिल्या दिवशी कुठल्या तरी मोठ्या हॉटेलात जेवण होते, कारण तशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांना मेट्रोत बसवते. सिविल लाइंसपुढचे पहिले स्टेशन रेल्वे स्टेशन, दुसरे सिंधी कॅम्प. तिथे उतरून थोडे चालले की स्टेशन रोडवर रावत मिष्ठान्न भांडार लागते. प्याज कचोरीसाठी सगळे शहर तिथे लोटते. आधी पैसे भरून कुपन घ्यायचे, मग कोपराने वाट काढत काउंटर गाठायचे. सकाळच्या गर्दीत बसायच्या जागेचा हट्ट धरू नये.

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याहून आमच्या यांच्या आत्याबाई आल्या होत्या. वय शहात्तर. घरात सगळ्यांची पाने वाढून झाल्याखेरीज त्या कधी बसल्या नाहीत. “तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते,” हे त्यांचे आयुष्यभराचे वाक्य. पहिल्या रात्री आम्ही त्यांना मोठ्या हॉटेलात नेले. मध्ये मोठी वाडगी आली, भाजी आली, डाळ आली. आत्याबाईंनी लगेच डाव हाती घेतला आणि सगळ्यांच्या ताटात वाढायला सुरुवात केली. वेटर धावत आला, तर त्यालाच म्हणाल्या, “राहू दे बाळा, मी बघते.” सगळ्यांचे होईपर्यंत त्यांची रोटी वातड झाली होती. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. बाहेर जेवायला नेऊनही आम्ही त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात बसवले होते, फक्त वर झुंबर होते.

दुसऱ्या दिवशी कचोरीच्या काउंटरपाशी वाढायला काही नव्हतेच. टेबल नाही, डाव नाही, वाडगे नाही. कढईतून निघालेली कचोरी कागदी बशीत आली. गर्दीतल्या एका अनोळखी माणसाने म्हातारे माणूस बघून “पहले माताजी को दीजिए” म्हणत ती त्यांच्या हातात दिली. आत्याबाई बशी माझ्याकडे सरकवू लागल्या. पण माझ्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात नातवाचे बोट. शेवटी त्यांनी एक तुकडा मोडला, आतून वाफ आली, फुंकर मारून तोंडात टाकला. जरा वेळाने म्हणाल्या, “सूनबाई, चाळीस वर्षे पुऱ्या तळल्या मी. पण कढईतून काढल्या काढल्या खाल्लेली ही पहिलीच गोष्ट.” आमचे हे जवळच उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशा खाण्यात आपल्या घरांत एक अडचण येते ती उष्ट्याची. एका बशीत चार हात, हे आपल्या जुन्या माणसांना रुचत नाही, आणि त्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. राजस्थानात मनुहार म्हणून पाहुण्याला स्वतःच्या हाताने घास भरवतात. त्या घासापुढे आपली पंगतीतली जिलबीच्या आग्रहाची रीतसुद्धा अलिप्त वाटावी! माझा तोडगा साधा आहे. चटणी घालण्याआधी, कोरड्या हाताने कचोरीचे चार भाग करायचे आणि ज्याचा त्याला द्यायचा. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात हाच प्रश्न काडीने सोडवला आहे. पावाच्या कापावर पदार्थ आणि त्यात खोचलेली लाकडी काडी. एक काडी, एक घास, एक माणूस. काही दुकानांत शेवटी बशीतल्या काड्या मोजून बिल करतात. आपला पाणीपुरीवाला तरी वेगळे काय करतो? एक पुरी, एक माणूस, आणि हिशेब त्याच्या डोक्यात.

चवीच्या बाबतीतही हे लोक वाटतात तेवढे परके नाहीत. त्यांच्या दुकानांतला एक ठरलेला पदार्थ म्हणजे बटाट्याचे जाड ऑम्लेट. दुसरा, तळलेल्या बटाट्यांवर तिखटसर सॉस. सेव्हिल शहरात पालक आणि काबुली चणे एकत्र शिजवतात. ते शाकाहारी माणसाने बिनधास्त मागवावे, फक्त मांस घातलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. पाद्रोन गावच्या छोट्या हिरव्या मिरच्या तळून वर जाड मीठ भुरभुरतात. बहुतेक मिरच्या सौम्य, पण मधूनच एखादी डोळ्यांतून पाणी काढते. वडापावाबरोबर तळलेली मिरची खाणाऱ्याला हा जुगार नवा नाही. मिरची आणि बटाटा दोन्ही मूळचे अमेरिकेतले. ते स्पेनमध्ये स्पॅनिश दर्यावर्द्यांनी नेले आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वाटेने आले. म्हणून तर आपण ‘बटाटा’ म्हणतो आणि स्पेनमध्ये ‘पताता’ म्हणतात. जयपूरच्या भाजीवाल्याकडे मी आजही चुकून बटाटे मागते, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहतो. त्याचा आलू वेगळा!

गर्दीच्या लहान दुकानाचे काही अलिखित नियम असतात. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये किंवा पुण्याच्या नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खायला गेलेल्यांना ते ठाऊक असतील. अनोळखी माणसासमोर बसावे लागते आणि त्याच्या ताटाकडे टक लावून बघायचे नसते. आपले खाऊन झाले की उठायचे, कारण मागे कुणी तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहे. दुकान लहान म्हणून भाडे कमी, माणसे भराभर येतात-जातात म्हणून पदार्थ शिळा राहत नाही. कढई सतत चालू राहते ती या गर्दीमुळेच. रिकाम्या दुकानातली कचोरी सकाळची असते, हे गृहिणींना मी काय सांगावे! तान्हे बाळ किंवा गुडघ्याचे दुखणे बरोबर असेल तर मात्र गर्दीची वेळ टाळून जावे. उभ्याने खाण्याची हौस दुखऱ्या गुडघ्यांवर लादू नये.

जयपूरला येणार असाल तर एक बेत सांगते. एका ठिकाणी पोट भरायचे नाही, हा पण आधी करा. चौघांत दोन कचोऱ्या पुरेत, एक कांद्याची आणि एक माव्याची. मावा कचोरी गोड असते, ती शेवटी फोडा. तिथून रिक्षाने एम. आय. रोडवर लस्सीवाल्याकडे. तिथे एकाच नावाची दुकाने शेजारी शेजारी आहेत, पाटीवर १९४४ साल लिहिलेले जुने दुकान बघा. मातीच्या कुल्हडात लस्सी आणि वर सायीचा थर. कुल्हडात वाटणी नाही, ज्याचा त्याने घ्यावा, लहान मागितला तर लहानही देतात. दुपारी लस्सी संपली की दुकान बंद, म्हणून उशीर करू नका. नंतर जोहरी बाजारात ‘एलएमबी’मध्ये घेवर. श्रावणात तीजेच्या सुमारास गेलात तर शहरभर घेवरच्या चळती दिसतील. एक घेवर चौघांना पुरतो, सुरीने कापून मागा, नाहीतर चुरा होतो. तेथून बडी चौपडचे मेट्रो स्टेशन पायी गाठता येते. २०२० पासून मेट्रो तिथपर्यंत जाते, त्यामुळे सिविल लाइंसला परतायला गाडी बदलावी लागत नाही. रात्रीच्या स्वयंपाकाला त्या दिवशी सुट्टी द्या, मुगाची खिचडी टाकली तरी पुष्कळ झाली.