काचेवर नक्षी नको, काचेला काम द्या



भाद्रपद जवळ आला की महिला मंडळांचे निरोप मोबाईलवर फिरू लागतात. सकाळी अभिषेक-पूजा, दुपारी प्रवचन, संध्याकाळी आरती आणि मग स्पर्धा. पूजेची थाळी सजवणं, धार्मिक हाउजी, आणि अलीकडे हमखास 'टाकाऊतून टिकाऊ'. यंदा आमच्या भागातल्या एका मंडळानं त्यासाठी विषय दिलाय 'जुन्या खिडकीची काच'. विषय अगदी वेळेवरचा आहे. जुन्या घरांच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायची सध्या लाटच आली आहे. भंगारवाला गज नेतो, बिजागऱ्या नेतो, लाकडाचाही भाव करतो. काचेला मात्र हात लावत नाही. ती तावदानं मग जिन्याखाली नाहीतर गच्चीवर भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभी राहतात.

ही काच वाया जाऊ नये असं मलाही वाटतं. तरी ही स्पर्धा मला मान्य नाही. ती ठेवली आहे उत्तम आकिंचन्य धर्माच्या दिवशी, 'माझं काहीच नाही' हे मनात उतरवायच्या दिवशी, म्हणून तर गप्प बसवत नाही.

निरोपासोबत नमुन्याचे फोटो आले आहेत. काचेवर रंगवलेला मोर, शिंपल्यांची चौकट, कडेनं सोनेरी लेस, मागं पॉलिश केलेली फळी. सुरेख दिसतं, नाही म्हणत नाही. पण हे करायला काय काय आणावं लागेल ते कागदावर मांडून बघा. काचेचे रंग, दोन-तीन ब्रश, चिकटवायला गोंद, शिंपले, लेस, पॉलिश, टांगायची साखळी. पाच-सहाशे रुपयांचं नवं सामान आणायचं, ते एका जुन्या काचेवर चढवायचं आणि त्याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणायचं. स्पर्धा संपली की तो मोर कुठं लावायचा हा प्रश्न घरात वर्षभर फिरतो. शेवटी तो पलंगाखाली जातो. तिथून निघतो तेव्हा कचराच होतो, आणि आता त्या काचेचा दुसरा उपयोगही करता येत नाही, कारण तिच्यावर रंग आणि गोंद बसलेला असतो.

आता त्या सामानाकडे जैन बाईच्या नजरेनं बघू. सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतात त्यात चपडा असतो. चपडा म्हणजे लाखेच्या किड्यांनी फांदीवर केलेला थर. तो खरवडून काढताना असंख्य किडे मरतात. राठ केसांचे रंगाचे ब्रश बरेचदा डुकराच्या केसांचे असतात. लाकूड जोडायचा जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. आणि शिंपला म्हणजे काय, हे तर पाठशाळेतलं पोरही सांगेल: दोन इंद्रियांच्या जीवाचं घर. आपण कंदमूळ टाळतो, पाणी गाळून घेतो, रात्री जेवत नाही, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बिस्किट घेतो. मग मंदिराच्या सभागृहात मांडायच्या वस्तूला हा हिशेब का लागत नाही? काच बिचारी निरुपद्रवी होती. हिंसा आपण तिच्यावर विकत आणून चिकटवली.

कुणी म्हणेल, ताई, गृहस्थानं एवढं बघायचं ठरवलं तर घर चालणार नाही. बरोबर आहे. म्हणूनच आपल्या आचार्यांनी हिंसेचे प्रकार वेगळे काढले. घर बांधताना, स्वयंपाक करताना होते ती आरंभी हिंसा. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. खिडकी हवी तर काच लागणारच. पण ज्याचा काहीच उपयोग नाही अशा कामातली हिंसा, तिला वेगळं नाव आहे: अनर्थदंड. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातला एक प्रमादचर्या: गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं. आपल्या व्रतांत हे टाळण्याला गुणव्रताचा दर्जा आहे.

काच कशी होते ते यासाठीच माहीत असावं. वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि डोलोमाइट हे सगळं जमिनीतून खणून किंवा कारखान्यात करून आणतात आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवतात. खिडकीच्या काचेची भट्टी आपल्या चुलीसारखी संध्याकाळी विझत नाही. एकदा पेटली की रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू राहते. पृथ्वीकाय आणि अग्निकाय यांचा एवढा आरंभ एका तावदानामागे आधीच होऊन गेला आहे. तो परत फिरवता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की आणखी एका तावदानासाठी तो पुन्हा करायला लावायचा नाही. म्हणजे जुनी काच तिथंच लावायची, जिथं आपण नवी काच विकत आणली असती. या एका कसोटीवर मोर नापास होतो. मोरासाठी कुणी नवी काच आणणार नव्हतं.

मग काय करायचं? कामं भरपूर आहेत. घरात फोटो मढवायला निघतातच: सासू-सासऱ्यांचा, आचार्य शांतिसागर महाराजांचा, मुलीच्या पदवीदानाचा. काचेच्या दुकानात जुनी काच घेऊन जा. तो हिरकणीनं मापात कापून, कडा घासून देतो. आधीच सांगा, 'काच माझी, मजुरी तुमची.' बस्तीतल्या शास्त्रांच्या कपाटाची काच फुटली असेल तर वर्गणी काढण्याआधी कुणाच्या गच्चीवर तावदान आहे का ते विचारा. खडबडीत नक्षीची अर्धपारदर्शक काच न्हाणीघराच्या उंचावरच्या झरोक्याला चालते. लाकडी टेबलावर सगळीकडून टेकेल अशी साधी काच ठेवली की लाकूड वर्षानुवर्षं नवं राहतं.

मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे दिव्याचं घर. देवघरातल्या ज्योतीवर किडे झेपावतात म्हणून मंदिरांत दिवा काचेच्या पेटीत ठेवतात. घरीही तसंच करता येतं. सुताराकडून साधी चौकट करून घ्यायची, बाजूंना काचेचे तुकडे, वर हवा जायला बारीक पितळी जाळी. पेटी ऐसपैस हवी. ज्योत काचेला खेटून असेल तर साधी काच तापून तडकते. एका जुन्या तावदानात अशी पेटी सहज होते आणि रोज संध्याकाळी कितीतरी चतुरिंद्रिय जीव वाचतात. यापेक्षा मोठी कलाकारी कोणती ते मला सांगा.

दुसरं, वाळवणाची पेटी. उथळ लाकडी पेटी, आत जुनं काळं सुती कापड, वर उताराची काच, खाली हवा आत यायला आणि मागच्या बाजूला वर बाहेर पडायला भोकं, दोन्हींवर मलमल ताणून लावलेली. सांडगे, कुरडया, गवार, सगळं यात लवकर वाळतं. माश्या-मुंग्या लागत नाहीत आणि धूळ बसत नाही. काच बंद करायच्या आधी आत एखादा जीव अडकला नाही ना ते नजरेनं शोधून घ्या, आणि सूर्यास्ताच्या आत पदार्थ घरात आणा. या पेटीला फक्त काच घ्या, जुनी रंगवलेली चौकट नको. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा कमी ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल याचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका; त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट.

काच हाताळतानाही थोडं भान हवं. तावदान काढताना आधी लांबी पातळ पत्तीनं हळूहळू खरवडा, छोटे खिळे काढा, मग काच सोडवा. हातमोजे लागतातच, चामड्याचे नकोत, जाड कॅनव्हासचे किंवा रबराचा थर दिलेले घ्या. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलो भरते, त्यामुळे ती एकटीनं जिन्यावरून उतरवू नका. कोपऱ्यात शिक्का असलेली कडक केलेली काच कापायला जाऊ नका, तिचा एका क्षणात चुरा होतो. उलट जुनी साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे पडतात. म्हणून ती दाराला, मुलांच्या हाताच्या उंचीवर किंवा नुसत्या चार पायांवर टेबल म्हणून लावू नये. मुनींच्या पाच समित्यांमधली आदाननिक्षेपण समिती, वस्तू जपून उचलणं आणि जपून ठेवणं, काचेइतकी दुसरी कुठलीच वस्तू शिकवत नाही.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, 'जुनी, तडा गेलेली काच घरात अपशकुनी.' सख्यांनो, आपल्याला लहानपणापासून तीन मूढता टाळायला सांगितल्या आहेत आणि त्यात लोकमूढता आहे. तडा गेलेली काच हात कापते म्हणून बाजूला काढा. तिच्यात अशुभ शोधणं आपल्या धर्मात बसत नाही. दुसरा, 'लोक चिक्कू म्हणतील.' म्हणू देत. ज्या घरात चातुर्मासात परिग्रहाचं परिमाण घेतात त्या घरात वस्तू पुरवून वापरण्याची लाज कसली? तिसरा, 'नवी काच स्वस्त तर मिळते.' मिळते. पण १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून. आपल्या मातीत काच व्हावी म्हणून सामान्य माणसांनी पदरचं दिलं होतं. स्वस्त झाली म्हणून तिचं मोल कमी झालं नाही, आपली नजर स्वस्त झाली. चौथा आक्षेप मला खरा वाटतो: 'स्पर्धेमुळे बायका निदान एकत्र येतात, हाताला चाळा मिळतो.' एकत्र यायलाच हवं. त्यासाठीच पुढची सूचना करते आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही सगळ्यात गंभीर आहे. ज्या काचेचा उपयोग होणार नाही ती काही घरांतून थेट कचऱ्याच्या पिशवीत जाते. पहाटे घंटागाडीवरची मावशी ती पिशवी उघड्या हातानं दाबते. उकिरड्यावर गाय त्याच पिशवीत तोंड घालते. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे, दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं. पिशवीत लपवलेली फुटकी काच शस्त्राहून किती वेगळी? तुकडे जाड कागदात गुंडाळा, खोक्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत 'फुटकी काच' लिहा आणि ते खोकं मावशींच्या हातात सांगून द्या. एवढं जमत नसेल तर पर्वातला उपवास कुणासाठी करायचा?

आता सूचना. मंडळांनी यंदा स्पर्धेऐवजी बस्तीच्या फलकावर दोन रकाने आखावेत: 'आमच्याकडे काच आहे' आणि 'आम्हाला काच हवी आहे'. खाली माप लिहावं, लांबी, रुंदी, जाडी. दहा दिवसांत किती तावदानं या घरातून त्या घरात गेली ते आकिंचन्याच्या दिवशी वाचून दाखवावं. बक्षीस द्यायचंच तर जिनं काहीही नवं विकत न आणता जास्तीत जास्त काच कामाला लावली तिला द्या, आणि बक्षीस म्हणून आणखी एक प्लास्टिकचा डबा नको. टाळ्या पुरेत.

आणि जिनं मोर रंगवायला घेतलाच असेल, तिनं रंगाची बाटली उघडण्याआधी एकदा देवघरात जाऊन उघड्या ज्योतीभोवती संध्याकाळी किती किडे पडलेले असतात ते मोजावं. मग त्या काचेचं काय करायचं ते तिचं तीच ठरवेल.

जय जिनेंद्र.