नित्याचा व्यवसाय आणि व्रत

प्रतिवर्षी स्मरणिका निघते. तीत देणगीदारांची नामावली छापली जाते. जीर्णोद्धार, पाठशाळा, पांजरपोळ यांचे हिशेब दिले जातात. ही सारी कार्ये स्पृहणीय आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु ती पाने चाळताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहतो. व्यापारी मनुष्य प्रातःकाळी दुकानाचे दार उघडतो आणि रात्री ते लावतो. त्याच्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग या दोन घटकांच्या दरम्यान निघून जातो. तो सारा भाग पैशाचा, आणि धर्म तेवढा पर्युषणातील मोजक्या दिवसांचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे काय?

केली असल्यास आपल्या तरुण मुलांचा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. गादीवर बसून जन्म घालविण्यात अर्थ तो काय, असे ते विचारतात. "आधी मिळवा, मग दान करा," हे आपले ठरलेले उत्तर. या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही आणि आमचेही होत नाही. दान हे कमाईच्या शेवटी उरलेल्या रकमेचे होते. मधल्या तीस-चाळीस वर्षांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आपल्या आचार्यांनी तो कधीच ओळखला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पाहावा. अस्तेय व्रताचे अतिचार सांगताना चोरीचा माल घेणे, वजनमापात कमीअधिक करणे, चांगल्या मालात हलका माल मिसळून विकणे, हे दोष तेथे गणले आहेत. हे दोष मंदिरात घडणे शक्यच नाही. ते घडतात दुकानात, आणि टाळले जातात तेही दुकानातच. म्हणजे श्रावकाच्या व्रताची खरी जागा तराजूपाशी आहे. आज तराजूच्या जागी विजेचा काटा आला, शेराच्या जागी किलो आला. जागा मात्र बदललेली नाही.

ही केवळ पोथीतील गोष्ट नव्हे. श्रीमद् राजचंद्र (1867–1901) हे मुंबईत हिरेमोत्यांचा व्यापार करीत. 1891 साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. पुढे आत्मकथेत गांधीजींनी लिहून ठेवले आहे की, त्यांच्या पेढीवर धर्मग्रंथ आणि रोजनिशी सदैव हाताशी असे; मोठा सौदा आटोपला की ते लगेच आत्मचिंतनाकडे वळत. त्यांची पेढी एकीकडे आणि साधना दुसरीकडे अशी नव्हती.

आता आपल्या चलथाणकडे वळू. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता, या दोहोंच्या आश्रयाने आपला व्यापार वाढला. एका बाजूस सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या बाजूस कडोदरा-पलसाण्याच्या रंगाईच्या गिरण्या. दिवाळी सरली की धुळे, नंदुरबार आणि डांग या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत उतरतात. खानदेशी बोली कानी पडली म्हणजे आमच्यापैकी अनेकांना आपल्या आजोबांचे गाव आठवते. ऊस तुटल्यावर फार वेळ ठेवता येत नाही, त्यातील साखर घटत जाते. म्हणून तोडीचे आणि वाहतुकीचे काम रात्र-अपरात्र पाहत नाही. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल पुष्कळदा हंगाम संपला तरी फिटत नाही. अशा कुटुंबातील बाई सायंकाळी दुकानात येते आणि पावकिलो साखर मागते. दिवसभर जिने उसाच्या मोळ्या वाहिल्या, तिला साखर पावकिलोच्या वर परवडत नाही.

श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन, म्हणजे ऊस, तीळ इत्यादी यंत्रात पिळण्याचा धंदा, हेमचंद्राचार्यांनीही सांगितला आहे. आज कारखान्याच्या आधारावर जगणाऱ्या गावात त्याचा अक्षरार्थ पाळणे दुष्कर आहे, हे आम्ही जाणतो. पण त्यामागचा प्रश्न जुना झालेला नाही. कोणताही धंदा असो, त्यातील पीडा अखेर कोणाच्या पाठीवर पडते, हा तो प्रश्न होय. अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. पांजरपोळ उभारून आपण ते बैलांपुरते मानले. ओझे वाहणारा माणूस त्यातून वगळावा, असे कोठेही सांगितलेले नाही.

येथे एका भ्रमाचे निरसन करणे अवश्य आहे. 'काम हीच पूजा' ही पाटी अनेक दुकानांत गल्ल्याच्या वर दिसते. मालकाने ती स्वतःकडे तोंड करून लावली असेल, तर ती शोभते. नोकराने पगारवाढ मागितली असता तिच्याकडे बोट दाखविले जात असेल, तर ती पाटी उतरविलेली बरी. स्वतःच्या कामात अर्थ शोधण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; दुसऱ्याच्या कामात आपण त्याला देणे लागतो ती योग्य मजुरी, विश्रांती आणि आदर. एवढे चुकते केल्यावाचून कष्टाच्या माहात्म्यावर प्रवचन करण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही.

या बाबतीत आपल्याच समाजातील एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे ओगल्यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडत. फिरता विक्रेता पुष्कळ गावे पाहतो, पण बहुधा गिऱ्हाइकांच्या नजरेने. भाऊरावांना त्याच वाटांवर शाळेवाचून राहिलेली मुले दिसली. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हे सूत्र दिले. मुलाने श्रम करायचे ते त्याच्या शिक्षणासाठी. त्याच्या श्रमावर दुसऱ्याने गबर व्हायचे, असा त्याचा अर्थ नव्हता.

प्रत्येकाच्या हातून संस्था उभी राहणार नाही. पण दुकान प्रत्येकाचे उभे आहेच. आमची सूचना साधी आहे. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला उधारीचा हिशेब चिठ्ठीवर लिहून, वाचून दाखवून द्यावा. रोखीचा आणि उधारीचा भाव एकच ठेवावा. नोकराला आठवड्याची सुट्टी न मागता मिळावी. हमालाच्या पाठीवर एका वेळी किती भार द्यावा, याची मर्यादा आपल्या मंडळाने ठरवावी आणि ती प्रत्येक वखारीत लावावी. यांतील एकाही गोष्टीची पावती फाडली जात नाही, एकीचेही नाव स्मरणिकेत छापले जाणार नाही.

ते न छापले जावे, हेच उत्तम. रात्री दुकान लावताना आज कोणाचे माप कमी भरले नाही, कोणावर अधिक भार टाकला नाही, असे ज्याला स्वतःशी म्हणता येईल, त्याने त्या दिवशी व्रत आचरिले. त्याच्या मुलाला गादीवर बसण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

जय जिनेंद्र.