जिज्ञासू मुलाला काय द्यावें?

बारा-तेरा वर्षांच्या चौकस मुलाला वाढदिवसाची भेट काय द्यावी, असा प्रश्न एका वाचकभगिनींनीं विचारला आहे. खेळण्यांचें वय सरलेलें, मोठ्यांचीं पुस्तकें अद्याप अवघड, आणि मोबाइल तर घरांत आहेच. त्यामुळें त्यांची अडचण खरी आहे.

हीच अडचण मजपुढें नातवाच्या मुंजींत आली होती. मीं त्याला ज्ञानकोशाचे जाड खंड दिले. ते कपाटांत शोभून दिसले, इतकेंच. जिज्ञासा हा शब्द ‘ज्ञा’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून झाला आहे, हें मी जन्मभर शिकवीत आलों. पण नातवाला देतांना ज्ञान दिलें, इच्छेकडे पाहिलेंच नाहीं.

पुढें लागोपाठ दोन रविवारीं आम्ही बोरिवलीहून होडीनें गोराईस गेलों. दुसऱ्या खेपेस त्यानें विचारलें, “आजोबा, मागच्या रविवारीं याच वेळीं पाणी पायऱ्यांना लागलें होतें, आज चिखल कसा?” मीं म्हटलें, “चंद्रामुळें.” “चंद्र एक, मग भरती दिवसांतून दोनदां कां?” मला उत्तर येईना. अशा वेळीं वर्गांत जें म्हणत आलों, तेंच ओठांवर आलें: “हें अभ्यासक्रमांत नाहीं.”

होडींतल्या एका कोळीणबाईंनीं माझी लाज राखली. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पाणी पुरें भरतें, असें त्यांनीं मुलाला सांगितलें. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याचे डोळे चमकले.

त्या संध्याकाळीं मीं त्याला पंचांग, कोरी वही व एक साधें भिंग आणून दिलें. मग सुटीच्या दिवशीं खाडीवर जाणें सुरू झालें. तो भरतीच्या वेळा टिपूं लागला. पाऊणपटीचा हिशोब कधीं कधीं अर्धा तास चुकतो, हें त्यानेंच पकडलें. तीस तिथींत भरती चोवीस तास पुढें सरकते, म्हणजे तिथीमागें सरासरी ४८ मिनिटें. तोंडी हिशोबाच्या सोयीसाठीं ४५ धरलीं आहेत. दोन भरत्यांचें कारण आम्ही दोघांनीं मिळून शोधलें. चंद्राकडील पाणी अधिक ओढलें जातें, पलीकडचें कमी ओढलें जाऊन मागें राहतें. असे दोन फुगवटे होतात आणि पृथ्वी फिरतांना आपला किनारा दोहोंखालून जातो. तिवरांचीं मुळें चिखलांतून खिळ्यांसारखीं वर कां येतात, हा प्रश्न त्यानंतरचा. चिखलांत प्राणवायु अत्यल्प, म्हणून तीं हवा घेण्यास वर येतात.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची बालपणची गोष्ट याच जातीची आहे. त्यांना भेट मिळाली होती छऱ्याच्या बंदुकीची. तिनें मारलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना ती ओळखतां येईना. त्यांनीं प्रश्न झटकला नाहीं. १९०८ च्या सुमारास चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठविलें. साहेबांनीं पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचावयास पुस्तकें दिलीं. बंदूक पुष्कळांना मिळते. ती चिठ्ठी विरळा.

तेव्हां भगिनींनीं भिंग द्यावें, दुर्बीण द्यावी, ताऱ्यांचा नकाशा द्यावा. वही मात्र अवश्य द्यावी. किंमत पाहूं नये. परंतु त्याबरोबर आठवड्याचा एक तास आपला द्यावा, आणि उत्तर न आल्यास “मला ठाऊक नाहीं, चल विचारूं” असें म्हणण्यास लाजूं नये.

ज्ञानकोशाचे खंड आतां कपाटाबाहेर येतात. परवां तो त्यांत चिखलांत उड्या मारणारा निवटा शोधीत होता. मला बरें वाटलें. पण ज्यांना वर्गांत मीं “हें अभ्यासक्रमांत नाहीं” म्हणून खालीं बसविलें, त्यांना आतां कोणती भेट देऊं?