आधी खोली, मग स्पीकर

संगीत मंडळाच्या गेल्या सभेत एक ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. वर्गणीतून जमलेले ४० हजार रुपये श्रवणकक्षाच्या नव्या, कमरेएवढ्या उंच स्पीकरांवर खर्च करावेत, असा तो ठराव. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आता मी उघड विरोधात आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नादशास्त्रात नाक खुपसू नये असे कुणी म्हणेल. पण पैसे खर्च व्हायचे आहेत. तेव्हा विषय निदान अर्धा तरी आमच्या शाखेचा आहे.

'श्रवणकक्ष' हे नाव भारदस्त. प्रत्यक्षात ती जिमखान्यामागची सामानाची जुनी खोली. १६ फूट लांब, ८ फूट रुंद, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइलपेंट. टाळी वाजवली की ती दोन भिंतींत फडफडत राहते. जुने दोन स्पीकर कपाटांवर, थेट छताच्या कोपऱ्यांत. दर शनिवारी सतरंजीवर बसून आम्ही एकदा मल्लिकार्जुन मन्सूरांची वचने ऐकतो, तर एकदा नाट्यपदे. कुमार गंधर्व तर १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मलेले. ते कुणाचे यावर वाद घालण्यातही आम्हांला गोडी वाटते. या अंकाचे मराठी आणि कन्नड विभाग एका सतरंजीवर बसतात अशी दुसरी जागा कॉलेजात मला तरी ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी वीस-बावीस जण यायचे. आता सहा येतात.

कारण भाषेचे नाही. मागून कुणी म्हणतो, "स्वल्प कडिमे माड्री." पुढून कुणी म्हणतो, "वाढवा हो, शब्दच कळत नाहीत." गंमत अशी की दोघांचेही बरोबर असते. आवाज भरपूर आहे, पण एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन आदळतो.

सभेनंतरच्या शनिवारी आम्ही चौघांनी वसतिगृहातून सहा गाद्या आणल्या. चार भिंतींना टेकवल्या, दोन गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. स्पीकर कपाटांवरून उतरवून स्टुलांवर ठेवले. भिंतीपासून दोन फूट पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मग तेच मन्सूर लावले. माझा कन्नड विभागातला मित्र पाच मिनिटे काही बोलला नाही, आणि ही त्याची रीत नव्हे. शेवटी म्हणाला, "अरे, मागे तंबोरा आहे की!" तो कायमच होता, आमच्या खोलीने तो गिळला होता. डग्ग्याची घुमी मात्र पुरती गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. रेक्टरसाहेब आम्हांला काय म्हणाले, ते इथे छापता येणार नाही.

हा उद्योग आमच्या आधी फार मोठ्या माणसाने केला होता, हे पदार्थविज्ञानाच्या सरांकडून मागाहून कळले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या सभागृहात व्याख्यान ऐकूच येईना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, नाद विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या परत न्यायच्या, असा क्रम चालवला. त्यातून नियम निघाला : जागेचे घनफळ जास्त तर नाद रेंगाळतो, शोषणारे पृष्ठ जास्त तर लवकर विरतो. त्यात स्पीकरच्या किमतीला जागा नाही.

लहान खोलीची आणखी एक खोड आहे. समोरासमोरच्या कठीण भिंतींत ८ फूट अंतर असले की सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा स्वर त्यांत अडकून फुगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज नेमका तिथेच, ६९च्या आसपास. मोठा स्पीकर हा खर्ज आणखी जोरात देणार, म्हणजे दुखण्यालाच खुराक. कोपऱ्यात ठेवला तर घुमी अधिकच. एक इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून खर्ज हटत नाही. तिथे कोपऱ्यात चांगला जाड भराव लागतो.

वॅटचा आकडा पाहून भुलणाऱ्यांसाठी आमच्या शाखेतले एक उदाहरण. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले तर वाढ होते ३ डेसिबलची. कानाला दुप्पट मोठे वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम परीक्षेत लिहून गुण मिळवायचे आणि दुकानात विसरायचा, असे चालले आहे.

माझी मागणी साधी आहे. शेल्फवर मावेल अशी लहान, स्वच्छ बोलणारी एकच जोडी घ्यावी, तीही या खोलीत आणून, आपल्याच ध्वनिमुद्रिका लावून पारखल्यावर. दुकानातल्या भपकेबाज नमुन्यावर नव्हे. त्यात १८ हजारांच्या वर जाऊ नये. उरलेल्या पैशांतून जाड सुती पडदे, जाजम आणि कोपऱ्यांसाठी रॉकवूल भरलेल्या चार इंची चौकटी. चौकटी आम्ही स्वतः ठोकू. ग्रंथालयातून बाद झालेली दोन पुस्तकांची शेल्फे मागच्या भिंतीला लावली तर ती फुकटच. स्पीकरला घसारा लागतो. जाजमालाही लागतो म्हणा, पण जाजम वर्षानुवर्षे बसायलाही उपयोगी पडते.

फेरविचाराचा अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. त्यावर सह्या सहाच आहेत, तीन मराठीत आणि तीन कन्नडमध्ये. मतदानाआधी सभासदांनी एकदा त्या खोलीत जाऊन टाळी वाजवून पाहावी. किल्ली शिपाईमामांकडे असते.