शिबिर संपल्यानंतरचे काम

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो आणि त्या सुमारास ठिकठिकाणी साहित्यवाटपाची शिबिरे भरतात. मांडव पडतो, मान्यवरांच्या हस्ते तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, श्रवणयंत्रे दिली जातात. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरील आनंद खरा असतो आणि देणाऱ्याचा हेतूही बहुधा शुद्ध असतो. परंतु सहा महिन्यांनी त्याच घरी कुणी गेले, तर काय दिसते? श्रवणयंत्राचा सेल संपलेला असतो आणि तो गावात मिळत नाही. खुर्चीचे पुढचे चाक निखळलेले असते आणि तिच्यावर धान्याचे पोते विसावलेले असते. मुलाचा पाय वाढतो, कॅलिपर मात्र तेवढाच राहतो. साहित्य घरी पोहोचले, पुनर्वसन वेशीवरच थांबले, असेच या चित्राचे वर्णन करावे लागेल.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. त्यांतील दर दहांपैकी सात जण ग्रामीण भागात राहत होते. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे आजच्या व्याख्येने मोजल्यास ही संख्या अधिकच भरेल. याउलट भौतिकोपचार, वाचा-उपचार किंवा कृत्रिम अवयव यांचे तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत. गरजू खेड्यात आणि सेवा शहरात, हे या प्रश्नाचे मूळ आहे. ज्याला चालता येत नाही, त्यालाच सर्वाधिक प्रवास करावा लागतो, यापरता दैवदुर्विलास कोणता?

पुनर्वसन ही एकदा देऊन संपणारी वस्तू नाही. ती दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया आहे. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बालकाचेच उदाहरण घ्या. पहिल्या काही आठवड्यांपासून दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेले, तर बहुतेक मुलांचे पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते. मात्र नंतर काही वर्षे झोपताना विशेष बूट घालावे लागतात. तो क्रम मोडला, तर व्यंग परतण्याची भीती असते. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखून उपचार सुरू झाले, तर मूल बोलू लागण्याची शक्यता कितीतरी वाढते. ते चौथ्या वर्षी लक्षात आले, तर भाषा शिकण्याचा अमोल काळ हातचा गेलेला असतो. मणक्याला इजा झालेल्या तरुणाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे घरच्यांना कुणी शिकवलेच नाही, तर शय्याव्रणच त्याच्या जिवावर उठतात. या तिन्ही ठिकाणी महागड्या यंत्रांपेक्षा वेळेवर आणि सातत्याने घराशी येणाऱ्या जाणत्या माणसाची गरज अधिक आहे.

हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. १९६८ साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या शल्यविशारदाने मिळून ‘जयपूर फूट’ घडवला. मांडी घालून बसणारा, अनवाणी चालणारा, चिखलात उतरून शेती करणारा भारतीय माणूस समोर ठेवून तो पाय तयार झाला, म्हणून तो रुजला. दुसरे उदाहरण पोलिओचे. देशातील अखेरचा वन्य पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला आणि मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्यामागे दारोदार फिरणारे लक्षावधी हात होते. रोग टाळण्यासाठी जी यंत्रणा प्रत्येक उंबरठ्यापर्यंत गेली, ती रोगाने किंवा अपघाताने आधीच जायबंदी झालेल्यांच्या उंबरठ्यापर्यंत का जाऊ नये?

शासनाने करावयाचे काम स्पष्ट आहे. महाराष्ट्राने २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, हे स्वागतार्हच आहे. आता प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी तज्ज्ञ आणि दुरुस्तीचा कारागीर उपलब्ध असावा. आशा कार्यकर्तीला अपंगत्व लवकर ओळखण्याचे आणि प्राथमिक व्यायाम शिकवण्याचे प्रशिक्षण व त्याचे रास्त मानधन मिळावे.

परंतु सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. दिव्यांग मूल म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत आजही सुशिक्षित घरांतसुद्धा दबक्या आवाजात बोलली जाते. अशा मुलाला पाहुण्यांपासून लपवले जाते, बहिणीच्या लग्नात ‘अडचण’ मानले जाते. हा धर्म नव्हे. ही धर्माच्या नावाने जोपासलेली निष्ठुरता आहे. विदर्भातील गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्ह्या वयातच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी अफाट ज्ञान मिळवले आणि स्वतः विपुल ग्रंथरचना केली. समाजाने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. प्रज्ञा त्यांची स्वतःची होती; पण तिला वाचणारा आवाज आणि लिहिणारा हात समाजाने दिला, हे विसरता कामा नये. असे हात न मिळाल्याने किती प्रज्ञा माजघरातच विझून गेल्या असतील!

सेवाकार्य करणाऱ्या आपल्यासारख्यांनीही आत्मपरीक्षण करावे. शिबिर घेणे सोपे असते, त्याची नोंदवही पुढे तीन वर्षे चालवणे कठीण. यापुढे प्रत्येक शिबिराबरोबर अशी नोंदवही असावी आणि दहा घरांमागे एका कार्यकर्त्याने दर महिन्याला फेरी मारावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा महाराष्ट्रात नियम आहे. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. मंदिर, शाळा, वाचनालय यांच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधायला तर कुणाच्या अनुदानाचीही गरज नाही.

पुढच्या ३ डिसेंबरला किती खुर्च्या वाटल्या, हा आकडा सांगितला जाईलच. गेल्या वर्षी दिलेल्या खुर्चीवरून कितीजण शाळेत, शेतावर वा दुकानात पोहोचले, याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. ते देता आले, तरच सेवा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला उरेल.