उपचार करणाऱ्याची साक्ष

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात रुग्णाची बाजू पुष्कळदा निकालापूर्वीच हरलेली असते, कारण तिला साक्षीदार मिळत नाही. ज्या दुसऱ्या डॉक्टरने बिघडलेला रुग्ण हाती घेतला, जखम पुन्हा उघडून आत काय आहे ते प्रत्यक्ष पाहिले, तोच साक्षीच्या पिंजऱ्यात येण्यास तयार नसतो. व्यवसायबंधूविषयीचा हा संकोच समजण्यासारखा आहे. समर्थनीय मात्र नाही.

केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवले की वैद्यकीय सेवेत देणाऱ्याचे ज्ञान घेणाऱ्याहून कितीतरी अधिक असते. त्याच वर्षी तत्कालीन औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात नसबंदीच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात मॉप राहिला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो सापडला. स्त्री वाचली नाही. अच्युतराव खोडवा प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल १९९६ साली लागला. पोटात सापडलेली वस्तू स्वतःच बोलते, म्हणून तेथे न्याय झाला. बहुतेक चुका इतक्या बोलक्या नसतात.

प्रतिवादी डॉक्टरचा दाखला हा तज्ज्ञाचा अभिप्राय मानता येत नाही, हेही आपल्याला ठाऊक असायला हवे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाचा पुण्यात उपचारांदरम्यान मृत्यू झाला. उपचार करणाऱ्याने दिलेले मृत्यूचे कारण न्यायालयांनी नाकारले. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा निकाल १९६८ चा. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, तरी पंधरा वर्षे गेली. अशिक्षित बापाने काय करावे?

भिलाईत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथे पोलाद कारखान्याचे स्वतःचे रुग्णालय आहे. नोकरीच्या अटींनुसार मिळणारे उपचारही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ आहेत, असे १९९५ च्या शांता निकालाने ठरवले. कामगाराला अधिकार मिळाला, साक्षीदार मात्र मिळाला नाही. अशा शहरात पुढचा उपचार करणारा डॉक्टर बहुधा आधीच्या डॉक्टरच्या ओळखीचा असतो.

डॉक्टरांना उगाच खटल्यात ओढू नये, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठीच २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मताची अट घातली. परंतु त्या अटीचा आडोसा घेऊन वस्तुस्थिती सांगण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही. ‘मी काय पाहिले’ ही साक्ष आहे. ‘चूक झाली का’ हे मत आहे. आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि दोन्ही गमावतो.

उपाय अवघड नाहीत. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरने जे पाहिले ते ग्राहक आयोगाने सुरुवातीलाच आदेश देऊन नोंदवून घ्यावे. रुग्णाला त्याच्यामागे फिरायला लावू नये. आंतररुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, हा २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतील दंडक आहे. तो मोडणाऱ्याविरुद्ध आयोगाने प्रतिकूल अनुमान काढावे. दर्जाविषयीचे मत जिल्ह्याबाहेरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी द्यावे. साक्ष दूरदृश्य प्रणालीने घ्यावी आणि डॉक्टरच्या वेळेचे शुल्क शासनाने भरावे.

खर्चाची कारणे सांगितली जातील. पण गप्प राहण्याची किंमत आजही कोणी तरी मोजतेच. फक्त ती शासनाच्या हिशेबवहीत दिसत नाही. ती रुग्णाच्या घरात दिसते.