सुटका झाली, मुक्तीचे काय?

वाचकहो, आपल्या राज्यघटनेचे २३ वे कलम आपण कधी शांतपणे वाचले आहे काय? १७ व्या कलमाचे स्मरण आपल्याला असते, कारण त्याने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात मनाई करणारे हे २३ वे कलमही आपल्याच जखमेतून निघाले आहे. गावकीची हाक येताच अर्ध्या भाकरीवरून उठून धावणाऱ्या वतनी महाराला वेठ म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नाही. आणि मुरळी वा जोगतीण म्हणून देवाला सोडलेली लेक ज्या घरातून शहराच्या बाजारात पोहोचली, त्या घराला मनुष्यविक्रय म्हणजे काय हेही पुस्तकातून कळले नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. ज्या १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्याच वर्षी संसदेने स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध कायदा केला. १९७६ साली वेठबिगारी रद्द झाली. महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथाबंदीचा कायदा केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम माणसांचा व्यापार करणाऱ्यास किमान सात वर्षांची सक्तमजुरी सांगते. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती दृष्टीची! बाजारातून सोडविलेल्या माणसाकडे हे सरकार हक्कदार नागरिक म्हणून पाहते, की दयेचा विषय म्हणून?

१९५६ च्या त्या कायद्याचे १७ वे कलम पाहा. कुंटणखान्यातून सोडविलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात डांबून ठेवण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतो. गुन्हा दलालाचा आणि कोठडी तिला! नाव संरक्षणगृह, पण दाराला कुलूप बाहेरून. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला अशा तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त करण्याचा आदेश द्यावा लागला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की, संरक्षणगृहांची पाहणी करा आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेची तजवीज करा. ज्यांची एकदा सुटका झाली होती, त्यांचीच पुन्हा सुटका करण्याची पाळी न्यायालयावर यावी, याहून मोठी कबुली ती कोणती?

आता पैशाचे पाहू. वेठबिगारांच्या पुनर्वसनाची २०१६ ची केंद्रीय योजना पुरुषाला एक लाख, स्त्रियांना व मुलांना दोन लाख आणि कुंटणखान्यासारख्या अतिभीषण गुलामीतून सुटलेल्यांना तीन लाख रुपये देऊ करते. आकडे नजरेत भरतात. परंतु हाती तातडीने पडायची ती थोडकी रक्कम. २०२२ मध्ये तिची मर्यादा तीस हजार झाली. उरलेली मदत न्यायप्रक्रियेतून वेठ सिद्ध होण्याशी बांधलेली आहे. खटला रेंगाळला तर तोवर ती माउली खाणार काय? सावकार दारात उभा, मुकादम उचल घेऊन तयार, दलालाला तिच्या गावची वाट पाठ! उपाशी माणसाला निकालाची तारीख दाखविणे म्हणजे त्याला पुन्हा जुन्या धन्याच्या दारी धाडणे होय.

सरकारी अधिकारी म्हणतील, "दार उघडले तर दलाल तिला परत नेईल." मग दलालाला अडकवा! तिला घर द्या, रेशन द्या, कामाचा रोख दाम द्या. चोराच्या भीतीने धन्यालाच तिजोरीत कोंडणारा पहारेकरी शहाणा म्हणावा काय?

कोणी असेही म्हणेल की, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांना तो मार्ग सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा मदतीचे आमिष कोठे दाखविले होते? खरे आहे. त्यांनी स्वाभिमान जागविला. पण त्या दिवशी राज्य परक्यांचे होते आणि त्यांच्या हाती सत्ता नव्हती. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्या मसुद्यातून आलेल्या घटनेत माणसांचा व्यापार निषिद्ध ठरला. स्वाभिमान स्त्रीने दाखवावा आणि जबाबदारी राज्याने उचलावी, असा याचा अर्थ आहे. पहिलीचा दाखला देऊन दुसरी टाळता येणार नाही.

भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत सत्तवणिज्जा, म्हणजे प्राण्यांचा व्यापार, आहे. अट्ठकथेने तिचा अर्थ मनुष्यविक्रय असाच केला आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या धम्माचा आहे.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी मागा. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबणे बंद करा. पुनर्वसनाची मदत सुटकेच्या दिवसापासून द्या, ती निकालाला टांगू नका. आणि पीडित अनुसूचित जातीची असेल तेथे अत्याचार प्रतिबंधक कायदा लावा. दलित स्त्रीला देवदासी म्हणून सोडणे हा २०१६ पासून त्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याच्या नियमांत पुष्कळ गुन्ह्यांसाठी फिर्याद नोंदताच मदतीचा पहिला हप्ता मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे, हे ठाण्यातील अंमलदाराला ठणकावून सांगा.

आणि एक मागणी स्वतःकडे करा. ती स्त्री वस्तीत परत आली, तर विहारात तिच्यासाठी जागा सरकवून द्याल, की कुजबुज कराल? सरकारच्या कुलपावर बोट ठेवणाऱ्याने आपल्या दाराची कडी आधी काढली पाहिजे.